दुष्ट काका, वारस मुलगी आणि मधले मृत्युपत्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीची नायिका सतरा वर्षांची आहे, वडिलांच्या मृत्यूनंतर मोठी मालमत्ता तिच्या नावावर आली आहे आणि ती सज्ञान होईपर्यंत काका तिचे पालक आहेत. तिसऱ्या प्रकरणात काका आपल्या मुलाशी तिचे लग्न लावू पाहतात, सातव्यात तिच्या दुधात विष कालवतात आणि नवव्यात तिला खोलीत कोंडून कागदांवर सही मागतात. मसुदा वाचलेल्या मित्रांचे म्हणणे पडले की काका खलनायक आहेत हे दुसऱ्याच पानावर कळते आणि मुलगी रडण्यापलीकडे काही करीत नाही. म्हणून तुम्ही विचारले आहे की हा साचा इतका झिजला असेल तर तो सोडून द्यावा का, की शेवटी काकांना निर्दोष ठरवून कुटुंबाच्या वकिलाला खलनायक करावे.

कथा-कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांचे संपादन हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि वारस मुलगी व तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवून असलेले नातेवाईक ही जोडी माझ्या टेबलावर वारंवार येते. तुमच्या वाचकांना जाणवलेले दोन्ही दोष खरे असावेत, पण त्यांचे मूळ मला दुसरीकडे दिसते. तुमच्या काकांना नेमके काय हवे आहे हे कादंबरीलाच ठाऊक नाही. मुलाशी लग्न लावायचे असेल तर मुलगी जिवंत हवी. विष द्यायचे असेल तर तिच्या मृत्यूने काकांच्या पदरात काहीतरी पडायला हवे. सही हवी असेल तर ती जिवंत तर हवीच, शिवाय तिची सही कायद्याने ग्राह्यही हवी. आणि अज्ञान मुलीची सही मालमत्तेच्या व्यवहाराला बहुतेक कायद्यांत पुरेशी धरली जात नाही. थोडक्यात, तीन प्रकरणांत तीन वेगवेगळे काका आहेत आणि त्यांच्यात समान काही असेल तर ते एवढेच की तिघेही वाईट आहेत. अशा पात्राबद्दल वाचकाला शोधून काढण्यासारखे काही उरत नाही, म्हणून त्याला ते दुसऱ्या पानावरच पुरते कळल्यासारखे वाटते.

यात बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. कथा कोणत्या काळात आणि कोणत्या कायद्याखाली घडते हे तुम्ही लिहिलेले नाही. सज्ञानतेचे वय, मुलीचा वारसाहक्क, लग्नानंतर मालमत्ता कोणाची होते, पालकावर न्यायालयाची देखरेख असते की नसते, या प्रत्येक गोष्टीने कथानकाची दिशा बदलते. ही रहस्यकथा आहे की कौटुंबिक कादंबरी, कथन मुलगी स्वतः करते की त्रयस्थ निवेदक, हेही महत्त्वाचे आहे. पुढे जे सांगतो आहे ते वास्तवाच्या जवळपास राहणाऱ्या कथनाला लागू पडते. परीकथेतील सावत्र आईला मृत्युपत्र लागत नाही, आणि तिच्याकडे ते कोणी मागूही नये.

माझ्याकडे असे हस्तलिखित आले की मी लेखकाला सर्वांत आधी वडिलांचे मृत्युपत्र लिहून आणायला सांगतो. ते कादंबरीत छापायचे नसते, पण लेखकाच्या हाताशी असावे लागते, कारण नातेवाइकाच्या दुष्टपणाचा आकार त्यातील एखाद्या कलमातून ठरतो. मुलगी सज्ञान होण्यापूर्वी वारली तर मालमत्ता काकांकडे जावी असे कलम असेल, तर काकांना तिचा मृत्यू हवा आणि तोही ठराविक तारखेच्या आत. ती अविवाहित असेपर्यंत उत्पन्न काकांच्या हाती राहणार असेल, तर त्यांना ती सुखरूप, घरात आणि अविवाहित हवी. असा काका तिच्या तब्येतीची मनापासून काळजी घेईल आणि घरी आलेल्या प्रत्येक तरुणाला हसतमुखाने वाटेला लावील. मालमत्ता लग्नाबरोबर जाणार असेल, तर सगळी धडपड नवरा कोण व्हावा यासाठी होईल. काकांकडे केवळ व्यवस्थापन असेल आणि त्यांनी आधीच त्यातले पैसे खाल्ले असतील, तर त्यांना भीती वाटेल ती हिशेब मागण्याची. या शेवटच्या प्रकाराला खून लागतच नाही. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अथेन्समध्ये डेमॉस्थेनिसच्या वडिलांनी मागे ठेवलेली मोठी संपत्ती पालकांनी, त्यांत दोन जवळचे नातेवाईक होते, अशी संपवली की सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती तिचा लहानसा तुकडा आला, आणि तो पुढे थोर वक्ता झाला तो आधी याच पालकांवर खटला भरून.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या दोन शेरलॉक होम्स कथा शेजारी शेजारी ठेवल्या की या कलमांची ताकद दिसते. (ज्यांनी त्या आणि पुढे येणाऱ्या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत त्यांची क्षमा मागतो, कारण रहस्ये फोडल्याशिवाय हा विषय बोलता येत नाही.) १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये सावत्र वडील डॉ. रॉयलॉट यांच्या हाती दिवंगत पत्नीच्या मालमत्तेचे उत्पन्न आहे. ते पूर्वी वर्षाला सुमारे अकराशे पौंड होते, शेतमालाचे भाव पडल्यामुळे साडेसातशेवर आले आहे, आणि दोन मुलींपैकी प्रत्येकीला लग्न झाल्यावर त्यातून अडीचशे पौंड मागता येतात. दोघींची लग्ने झाली तर या गृहस्थांकडे अडीचशेच उरतात. एका मुलीचा मृत्यू आणि दुसरीवरचे संकट दोन्ही लग्न ठरल्यानंतरच का येतात, हे या आकड्यांतून उलगडते. त्याच्या आदल्याच वर्षीच्या ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’मध्येही सावत्र वडीलच आहेत आणि हेतूही जवळपास तोच, मुलीचे वार्षिक शंभर पौंड घराबाहेर जाऊ नयेत. पण हे गृहस्थ तिच्या केसालाही धक्का लावत नाहीत. ते वेश पालटून स्वतःच तिचे प्रेमिक होतात, तिच्याकडून निष्ठेची शपथ घेतात आणि लग्नाच्या दिवशी नाहीसे होतात, म्हणजे ती पुढची कित्येक वर्षे दुसऱ्या कोणाकडे पाहणार नाही. त्यांना पकडता येईल असा कायदाही होम्सला सापडत नाही. सावत्र वडील, मुलगी, पैसा आणि लग्नाची भीती एवढा साचा दोन्हीकडे सारखाच आहे, तरी दुसरी कथा वाचताना पहिलीची आठवण होत नाही. माझ्या मते ती दोघांत अधिक निर्दय आहे.

लग्नाकडून विषाकडे जाणारा तुमचा क्रम मुळात अशक्य आहे असे मात्र समजू नका. शेरिडन ले फानू यांच्या १८६४ सालच्या ‘अंकल सायलस’ या कादंबरीत हाच क्रम आहे. मॉड ही तरुण वारस मुलगी वडिलांच्या इच्छेनुसार काका सायलसच्या घरी राहायला जाते, आणि ती सज्ञान होण्यापूर्वी वारली तर मालमत्ता त्याच काकाला मिळणार असते. सायलस आधी आपला मुलगा डडली याच्याशी तिचे लग्न जमवू पाहतो. मग उघडकीस येते की डडलीने आधीच गुपचूप लग्न केलेले आहे. तो मार्ग बंद होतो, कर्जे डोक्यावर असतात, मुदत जवळ येत असते, आणि त्यानंतर दुसरा मार्ग उघडतो. म्हणजे खुनाची योजना पहिल्या योजनेच्या पराभवातून जन्माला येते. तुमच्या तिसऱ्या आणि सातव्या प्रकरणांच्या मध्ये असा पराभव नाही. लग्नाचा प्रस्ताव मुलीने नाकारला, एवढ्याने सभ्य घरातला प्रौढ माणूस विषापर्यंत जात नाही. तिच्या नकारानंतर कोणते देणे फेडता आले नाही, कोणता सावकार दारात आला, कोणती तारीख टळून गेली, हे लिहिले गेले तर सातवे प्रकरण आपोआप तिसऱ्याला जोडले जाईल.

याच कादंबरीतून घेण्याजोगी दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते, कारण तिथेच बहुतेक हस्तलिखिते ढासळतात. शहाण्यासुरत्या बापाने आपली मुलगी नेमकी अशा माणसाच्या हाती का दिली? जिच्या मृत्यूने ज्याचा फायदा होतो त्यालाच तिचा पालक नेमू नये, ही अक्कल मानवजातीला फार पूर्वीपासून आहे. मुलांच्या मृत्यूनंतर ज्याला वारसा मिळणार त्याने त्यांचा पालक होऊ नये, असा नियम अथेन्सचा प्राचीन कायदेकर्ता सोलोन याच्या नावावर सांगितला जातो. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात जमिनीचा वारस असलेल्या अज्ञान मुलाचे पालकत्व मुद्दाम अशा जवळच्या नातेवाइकाकडे जाई, ज्याला ती जमीन कधीही मिळणे शक्य नाही; जमीन वडिलांकडून आलेली असेल तर पालक मामा, आईकडून आलेली असेल तर काका. अठराव्या शतकात इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टन यांनी तो नियम समजावून सांगताना हेच उदाहरण घेतले आहे. तेव्हा तुमच्या कथेत मालमत्ता वडिलांची आहे आणि पालक काका आहेत, तर अगदी साध्या वाचकाच्याही मनात शंका येणार. ले फानू यांनी या शंकेलाच कथेचा पाया केले आहे. सायलसवर पूर्वी एका माणसाच्या मृत्यूबद्दल संशय घेतला गेला होता आणि त्याने घराण्याचे नाव काळवंडले होते. आपल्या भावावर आपला एवढा विश्वास आहे की एकुलती एक मुलगीही त्याच्या हाती देतो, हे जगाला दाखवून तो डाग धुवायचा, म्हणून बाप हे मृत्युपत्र करतो. शिवाय घराण्याच्या नावासाठी काही त्याग करशील का, असे तो मुलीला आधी विचारतो आणि ती हो म्हणते. इथे बापाचा अभिमान, मुलीची संमती आणि काकाचा इतिहास एका कागदावर येतात. सायलसवर संशय घ्यावा असे वाचकाला पहिल्यापासून सांगितलेले आहे, तरीही कादंबरी वाचत राहावीशी वाटते, कारण कुतूहल ‘कोण’वरून सरकून ‘हा माणूस खरोखर तसा आहे का, आणि असल्यास केव्हा’ याकडे गेलेले असते. तुमच्या कथेतल्या बापाला असे कारण द्या. भोळेपणा हे कारण मी सहसा स्वीकारत नाही. ज्याने एवढी मालमत्ता उभी केली तो माणसे ओळखण्यात इतका कच्चा कसा, हा प्रश्न मग वेगळा उभा राहतो.

सगळे नातेवाईक दुष्टच असायला हवेत असेही नाही, आणि या बाबतीत विल्की कॉलिन्स यांची ‘द वुमन इन व्हाइट’ (१८५९–६० मध्ये क्रमशः प्रसिद्ध) मला सर्वांत शिकवणारी वाटते. तिथे लॉरा फेअरलीच्या काकाला तिचे पैसे नको आहेत, तिचा द्वेषही नाही. फ्रेडरिक फेअरली यांना त्रास नको आहे. ते आपल्या खोलीत कलावस्तूंमध्ये पडून असतात, आवाज सहन होत नाही, पत्र वाचणेही कष्टाचे वाटते. लॉराचे लग्न सर पर्सिव्हल ग्लाइड याच्याशी ठरते तेव्हा मुलाकडचा वकील अट घालतो की मूलबाळ नसताना ती आधी वारली तर तिचे वीस हजार पौंड नवऱ्याला मिळावेत. कुटुंबाचे वकील गिलमोर यांना हे कलम धोक्याचे वाटते, ते हट्टाने विरोध करतात, शेवटी स्वतः जाऊन काकांना विनवतात. पालक म्हणून त्यांचा एक नकार पुरेसा होता. काका दमतात, वाद टाळतात आणि कलम मान्य करतात. लॉराच्या मृत्यूवर किंमत लावली जाते ती त्या भेटीत, आणि लावणारा माणूस आपल्या मते निरुपद्रवी आहे. पुढचे सगळे कारस्थान या एका आळसावर उभे आहे. मला वाटते, तुमच्या कादंबरीत काकांशिवाय असा एखादा नातेवाईक हवा, ज्याला सगळे कळत होते किंवा कळू शकले असते, पण ज्याने कुटुंबात कटकट नको म्हणून मान डोलावली. वाचक सायलसमध्ये स्वतःला पाहत नाही. फेअरलीमध्ये थोडासा पाहतो.

आता मुलीकडे येऊ. ती रडते हा दोष नाही. सतरा वर्षांची, नुकतीच पोरकी झालेली मुलगी रडणारच. दोष हा की तिच्याकडे सगळ्यांना हवे असलेले काहीतरी आहे, हे तिला उमजलेले कधीच दिसत नाही. वारस मुलगी ही कथेतली सर्वांत दुबळी व्यक्ती असते आणि एका अर्थी सर्वांत बलवानही, कारण तिच्या होकाराशिवाय किंवा मृत्यूशिवाय कोणाचेच काम पुढे सरकत नाही. कॉलिन्स यांनी याचा उपयोग कसा केला आहे तो पाहा. नवरा एक दस्त घेऊन येतो. तो अशा तऱ्हेने दुमडलेला असतो की सहीची जागा तेवढी उघडी राहावी. साक्षीदार बोलावलेले असतात, घाई असते, चिडचिड असते. लॉरा स्वभावाने अगदी मवाळ आहे, तरी ती विचारते की मी कशावर सही करते आहे, आणि उत्तर मिळत नाही म्हणून सही करीत नाही. आरडाओरडा नाही, पळून जाणे नाही. पण त्या नकारामुळे खलनायकांना आपली योजना बदलावी लागते, म्हणजेच कथानक तिने वळवले. नायिकेची कर्तबगारी मोजताना मी एवढेच पाहतो: तिच्या एखाद्या कृतीमुळे विरुद्ध बाजूला आपला बेत बदलावा लागला का?

अॅन रॅडक्लिफ यांच्या १७९४ सालच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’मध्ये हाच नकार दोन पिढ्यांत फिरतो. खलनायक मोंटोनी आधी बायकोकडे तिच्या जमिनी मागतो. ती सही करीत नाही, बुरुजात कोंडली जाते आणि तिथेच आजारी पडून मरते. त्या जमिनी तिची भाची, कादंबरीची नायिका एमिली, हिच्याकडे येतात, आणि जमिनींबरोबर मोंटोनीचा दबावही तिच्यावर येतो. एमिली कित्येकदा मूर्च्छित पडते, त्याची पुढे पुष्कळ थट्टाही झाली. पण सहीच्या प्रश्नावर ती दीर्घकाळ वाकत नाही. तुमच्या नवव्या प्रकरणात खोली आहे, कुलूप आहे, वादळही आहे. या सामानाबद्दल मला फारसे म्हणायचे नाही, असले तरी चालते. कागदावर काय लिहिले आहे ते मात्र मुलीने वाचलेले असले पाहिजे आणि वाचकालाही कळले पाहिजे, नाहीतर तिचा नकार केवळ हट्ट ठरतो.

काकूंबद्दल तुम्ही फारसे लिहिलेले नाही, पण मसुद्याच्या गोषवाऱ्यात ‘मत्सरी काकू’ असा एक शब्दप्रयोग आहे, म्हणून थोडे थांबतो. दुष्ट पुरुष नातेवाइकाला लेखक सहसा पैशाचे कारण देतात आणि दुष्ट स्त्रीला स्वभावाचे. हा आळस आहे. त्या घरात काकूंच्या स्वतःच्या नावावर काय आहे, हे विचारले की मत्सराचे कारण बहुधा सापडते. लॉराची आत्या, म्हणजे सर पर्सिव्हलचा कारस्थानी मित्र काउंट फॉस्को याची बायको, हिच्या वाट्याचे दहा हजार पौंड तिला लॉराच्या मृत्यूनंतरच मिळणार असतात. परदेशी माणसाशी लग्न केल्याबद्दल भावाने राग धरून तशी तजवीज केलेली असते. तिच्या थंडपणामागे एक जुना अपमान आहे आणि त्या अपमानाला आकडा आहे. याच्या उलट केवळ द्वेष दाखवायचाच असेल तर तो शार्लट ब्राँटे यांच्यासारखा नेमका दाखवावा. ‘जेन एअर’मधल्या मामीला, मिसेस रीडला, जेनच्या दूरदेशी राहणाऱ्या काकाचे पत्र येते की तिला दत्तक घेऊन सर्व काही तिला द्यायचे आहे. मामी उत्तर पाठवते की मुलगी शाळेत तापाच्या साथीत वारली. त्यातून मामीला एक पैसाही मिळत नाही. एका पत्रात एक खोटे वाक्य, आणि एका मुलीची कित्येक वर्षे गेली. तुमच्या विषाच्या पेल्यापेक्षा हे पत्र मला अधिक भीतिदायक वाटते.

वकिलाला खलनायक करण्याची तुमची कल्पना मी बाजूला ठेवायला सांगेन. शेवटच्या प्रकरणात संशयिताला निर्दोष आणि विश्वासूला दोषी ठरवणे हादेखील तितकाच जुना साचा आहे, आणि त्यात तोटा असा की आधीच्या सगळ्या प्रकरणांतले काकांचे वागणे खोटे पडते. विष कोणी कालवले, कुलूप कोणी लावले, याची सारवासारव करण्यात शेवट खर्च होतो. नातेवाईक खलनायक असण्यात जी खास वेदना आहे तीही वकिलात येत नाही. परक्या माणसाविरुद्ध मुलगी तक्रार करू शकते. काकांविरुद्ध तक्रार केली तर सगळे तिलाच विचारतील की ज्याने तुला आसरा दिला त्याच्याबद्दल असे बोलतेस? सॅम्युअल रिचर्डसन यांच्या ‘क्लॅरिसा’मध्ये (१७४७–४८) आजोबा आपली मिळकत नातीच्या नावे करतात, भाऊ आणि बहीण दुखावतात, आणि हळूहळू अख्खे घर तिच्या विरुद्ध एक होते. वडील, आई, चुलते, सगळे तिला नको असलेल्या माणसाशी लग्न कर म्हणून दडपण आणतात आणि प्रत्येक जण हे तिच्या भल्यासाठी, घराच्या एकोप्यासाठी करतो आहे असे मानतो. क्लॅरिसाने मिळकतीचा ताबा आधीच वडिलांकडे सोपवलेला असतो, त्यानेही काही फरक पडत नाही. तिच्या खोलीला कुलूप लागते तेव्हा किल्ली कोणा एकाच्या हातात नसते.

कलाटणी हवीच असेल तर निष्ठा बदलण्याऐवजी निर्णय अवघड करणारी निवडा. हेन्री जेम्स यांच्या १८८० सालच्या ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’मध्ये बापाला वाटते की मुलीच्या मागे लागलेला तरुण तिच्या पैशावर डोळा ठेवून आहे. बाप अगदी बरोबर असतो. पण ते सिद्ध करताना तो मुलीला इतके तुच्छ लेखतो की शेवटी बाप आणि प्रियकर या दोघांपैकी तिचे अधिक नुकसान कोणी केले हे ठरवणे कठीण होते. तुमच्या काकांना कथेत एकदा तरी पूर्णपणे बरोबर असू द्या. मुलीला आवडलेल्या तरुणाबद्दलचा त्यांचा इशारा खरा निघाला, तर ती, आणि तिच्याबरोबर वाचक, काकांच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवावा की नाही या पेचात पडेल. दुसऱ्या पानावर सगळे कळले अशी तक्रार मग कोणी करणार नाही.

शेवटाबद्दल एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. तुमच्या कादंबरीत नायक येतो, मुलीला सोडवतो आणि दोघांचे लग्न होते. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत असा शेवट भरपूर आहे, पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये वेगळा करार केलेला नसेल तर लग्नाबरोबर बायकोचा रोख पैसा आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे आणि जमिनीचे उत्पन्नही त्याच्या हाती जाई; हे पुरते बदलले १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याने. म्हणजे काकांच्या हातून किल्ल्या सुटत आणि नायकाच्या हाती जात, मुलीच्या कमरेला लागतच नसत. तुमची कथा ज्या काळात आहे तिथे हे कसे होते ते पाहा आणि शेवटच्या पानावर मालमत्ता कोणाकडे आहे हे स्पष्ट लिहा. जेनला अखेर वारसा मिळतो तेव्हा ती वीस हजार पौंडांचे चार भाग करते आणि तीन भाग आपल्या चुलत... खरे तर आत्याच्या मुलांना देते, लग्नाच्या आधी आणि स्वतःच्या मर्जीने. वारस मुलीने आपल्या पैशाचे काय केले हे दाखवणारे शेवट दुर्मीळ आहेत, म्हणून ते लक्षात राहतात.

आता तुमच्या मसुद्यापुरते सांगायचे तर साचा ठेवा आणि कामाचा क्रम असा धरा. आधी मृत्युपत्र लिहा, त्यात बापाने काकांनाच का निवडले याचे कारण असू द्या, आणि एक तारीख असू द्या जिच्यानंतर काकांना काही करता येणार नाही. मग काकांची देणी लिहून काढा. त्यानंतर तिसरे, सातवे आणि नववे प्रकरण समोर ठेवून प्रत्येकात काकांना या कागदानुसार मुलगी कशी हवी आहे, जिवंत की मृत, विवाहित की अविवाहित, ते समासात लिहा. उत्तरे एकमेकांना छेदत असतील तर मधे एक पराभव घाला किंवा एक प्रकरण काढून टाका. माझा अंदाज आहे की सातवे जाईल आणि नवव्यातल्या सहीला ती सज्ञान होईपर्यंत थांबावे लागेल, म्हणजे ते प्रकरण तिच्या वाढदिवसानंतरच्या सकाळी येईल. विषाच्या प्रसंगावर तुम्ही बरीच मेहनत घेतलेली दिसते, त्यामुळे तो काढणे जिवावर येईल. तो वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा आणि नवे नववे प्रकरण लिहून झाल्यावरच परत उघडा.